मोठ्या रीफ टँकचा जमाखर्च

घरात रीफ टँक असला की पाहुण्यांची नजर आधी माशांवर जाते. पिवळाजर्द टँग, नारिंगी क्लाउनफिश, वाळूत बीळ करून बसलेला गोबी. त्यांची नावे विचारली जातात, मग किमती. टँकवाला मात्र वेगळेच काही पाहत असतो. स्किमरच्या कपात आज फेस किती साचला, कालपर्यंत फुललेले पॉलिप आज आत का ओढले गेले, सकाळी मोजलेली अल्कलिनिटी गेल्या आठवड्याच्या आकड्याजवळ आहे का. मासे हा या छंदाचा त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड असते ते पाणी, आणि त्या पाण्याच्या भरवशावर जगणारा प्रवाळ.

प्रवाळ दिसतो झाडासारखा, हाताला लागतो दगडासारखा आणि असतो प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफूल हे त्याचे भाऊबंद. एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती नाजूक शुंडके असलेली इवलीशी पिशवी. तिच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. उजेडावर हे शैवाल अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला मिळतो. शैवालाला निवारा मिळतो आणि पॉलिपचे उत्सर्जन खत म्हणून मिळते. कठीण प्रवाळ याच शिदोरीवर पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचून आपला चुन्याचा सांगाडा बांधतो. ही भागीदारी घडली ती उथळ, उन्हाने भरलेल्या, पण अन्नघटकांची वानवा असलेल्या उष्ण समुद्रात. तिथे ऋतू बदलले तरी पाण्याची रसायने फारशी बदलत नाहीत. त्यामुळे बदल सोसण्याची सवय प्रवाळाला लागलीच नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी पॉलिप शैवालाला बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहू लागतो.

अशा जिवाला दिवाणखान्यात ठेवायचे तर एक जमाखर्च रोज जुळवावा लागतो. एका बाजूला काढून टाकायच्या गोष्टी. माशांना घातलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सोबत फॉस्फेट साचत जाते. दुसऱ्या बाजूला परत भरायच्या गोष्टी : कॅल्शियम, कार्बोनेट, मॅग्नेशियम आणि अल्प प्रमाणात लागणारी इतर मूलद्रव्ये. या दुसऱ्या बाजूचे गणित नवख्याला चकवते. नैसर्गिक समुद्राच्या एका लिटरात कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम असते आणि अल्कलिनिटी जेमतेम ७ डिग्री केएच. सांगाडा बांधताना प्रवाळ दर लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम उचलतो, तेव्हा अल्कलिनिटी १ डिग्रीने उतरते. जोमाने वाढणाऱ्या टँकमध्ये रोज १ डिग्री खर्ची पडत असेल, तर चार दिवसांत कॅल्शियमचा साठा सात टक्क्यांनीही घटलेला नसतो. अल्कलिनिटी मात्र निम्म्याहून खाली आलेली असते. अनुभवी माणूस कॅल्शियम आठवड्याने मोजतो आणि केएच रोज, त्याचे कारण हे आहे.

या छंदाचा इतिहास याच दोन बाजू जुळवण्याच्या प्रयत्नांचा आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले आणि ते काचेच्या भांड्यांत जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते हाताने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतले जाई. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांच्यात समतोल साधला तर पाणी वारंवार बदलावे लागत नाही, असे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि सुखवस्तू इंग्रज घरांत काचेच्या टाक्यांची लाट आली. त्यात थंड पाण्यातले स्थानिक जीव होते. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाला घरात टिकायला आणखी शतकभर थांबावे लागले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर खाऱ्या पाण्याचे मासे घरोघरी ठेवले जाऊ लागले. १९६० च्या दशकात तयार सॉल्ट मिक्स बाजारात आले आणि समुद्रापासून दूरच्या शहरांतही हा छंद शक्य झाला. पण त्या टाक्यांत प्रवाळ असे तो मेलेला, पांढराफेक, शोभेपुरता. तळाच्या रेतीखालून पाणी खेचणारा फिल्टर अमोनिया संपवी, नायट्रेट मात्र साठतच जाई. मासे ते सोसत, प्रवाळ सोसत नसे.

या कोंडीवर पहिला मोठा उपाय १९६१ मध्ये जकार्ताहून आला. ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून काढलेले सजीव दगड, म्हणजे आजचा लाइव्ह रॉक, ताजे समुद्राचे पाणी, हवेचे थोडे बुडबुडे आणि ऊन. बाकी यंत्रसामग्री नाही. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते आणि आतल्या प्राणवायूविरहित पोकळीत दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. ली यांच्या टाक्यांतले काम हे दगड करत होते. समुद्र जवळ नसलेल्या शहरांत तसे ताजे दगड मिळणे अवघड होते, त्यामुळे अनेक वर्षे या पद्धतीला अनुयायी थोडेच लाभले.

तिचे महत्त्व जर्मनांनी ओळखले. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात अपृष्ठवंशी सागरी प्राण्यांवर लिहिलेल्या पुस्तकांतून चुन्याच्या निवळीचा वापर रूढ केला. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी साध्या पाण्याऐवजी निवळीने भरून काढले की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकदम परत मिळतात. बर्लिनच्या छांदिष्टांनी याला लाइव्ह रॉक, प्रखर दिवे आणि जोरदार प्रोटीन स्किमर यांची जोड दिली. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटणारा सेंद्रिय मळ कुजण्याआधीच फेसासोबत बाहेर काढतो. ही ‘बर्लिन पद्धत’. आज कोणत्याही देशातला मोठा रीफ टँक उघडून पाहिला, तर त्याचा सांगाडा बहुधा हाच सापडतो.

अमेरिकेत या विषयाला गती दिली ती १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने. त्यांचा ‘मिनी-रीफ’ ठिबकणाऱ्या पाण्याच्या ट्रिकल फिल्टरवर चाले. नायट्रेटचा जुना दोष या फिल्टरमध्येही होता आणि पुढे तो मागे पडला, पण घरातल्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवता येतो ही आकांक्षा हजारो घरांत पोचली. मोनॅकोत जां जोबेर यांनी जाड वाळूच्या थराखाली पाण्याची मोकळी पोकळी ठेवून नायट्रेटचा निचरा वाळूवर सोपवला. स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी हे काम शैवालाकडे दिले. जाळीवर वाढणारे शैवाल अन्नघटक शोषते आणि ते खरवडून टाकले की मळ टाकीबाहेर जातो. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल इथे १९८७ मध्ये उघडलेल्या प्रचंड रीफ टँकने सुरुवातीला हाच मार्ग धरला होता. आपल्याकडच्या सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, कीटोमॉर्फा शैवालाचा हिरवा गुंता वाढवतात, ते एडींच्याच विचाराचे घरगुती रूप.

पुढची पिढी जिवाणूंकडे वळली. पाण्यात व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून कार्बन पुरवायचा, त्यावर वाढणारे जिवाणू नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात, आणि स्किमर त्या जिवाणूंना बाहेर काढतो. झिओलाइट वापरणाऱ्या पद्धती याच कुळातल्या. यातून पाणी इतके निर्मळ करता आले की प्रवाळ फिके पडून उपाशी मरू लागले आणि मोकळ्या झालेल्या जागेत डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकट थर पसरू लागला. आज बहुतेक जाणकार नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेत नाहीत, थोडे शिल्लक ठेवतात. भरपाईच्या बाजूलाही पर्याय वाढले. बॉलिंग पद्धतीचे वेगवेगळे द्राव डोसिंग पंपाने सोडता येतात, कॅल्शियम रिॲक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइडने चुनखडीचे तुकडे विरघळवता येतात. मेटल हॅलाइड दिव्यांची जागा एलईडीने घेतली. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून डझनावारी मूलद्रव्यांचा अहवाल मागवता येतो. या पद्धतींच्या घराण्यांतले जुने वाद आता निवळले आहेत. एकाच टँकमध्ये बर्लिनचा स्किमर, एडींचे शैवाल आणि बॉलिंगचे द्राव सुखाने नांदतात.

‘मोठा’ टँक म्हणजे किती, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. २०० सेंटिमीटर लांब, ७० रुंद आणि ७० उंच अशी टाकी घेऊ. तिची क्षमता ९८० लिटर. १९ मिलिमीटर जाडीची काच घेतली तर नुसत्या काचेचेच वजन २४० किलोंच्या पुढे जाते. पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प मिळून एकूण भार दीड टनांच्या आसपास, आणि तो सव्वा ते दीड चौरस मीटर जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकांनी धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. म्हणजे टाकीखालच्या जागेवर त्याच्या पाचपट भार येतो. टाकी तुळईवर, भिंतीलगत ठेवली आणि आजूबाजूची जमीन मोकळी असली तर अनेक इमारतींना हे पेलते. पण तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे, दुकानदाराचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आकारमान वेळ मिळवून देते. शंभर लिटरच्या टाकीत दगडामागे एखादा मासा मेला तर रात्रीतून अमोनिया घातक पातळीला जाऊ शकतो. हजार लिटरमध्ये तोच मासा कुजला तरी सकाळी हालचाल करायला अवधी उरतो. तापमान, क्षारांचे प्रमाण, केएच, सगळेच मोठ्या पाण्यात सावकाश सरकते. मात्र बिघाड झालाच तर त्याची दुरुस्तीही त्याच मापाची असते. तीस टक्के पाणी बदलायचे म्हटले की ३०० लिटर आरओ-डीआय पाणी आणि दहा किलोंहून अधिक सॉल्ट मिक्स हाताशी लागते. माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन झाला तर तांब्याचे औषध टँकमध्ये घालता येत नाही, कारण ते प्रवाळ आणि कोळंब्यांना मारते. आणि हजार लिटरच्या दगडांतून मासा पकडायचा तर सगळी रचना उपसावी लागते. म्हणून नवा मासा आधी वेगळ्या क्वारंटाइन टाकीत राहिला पाहिजे, हा नियम मोठ्या टँकला दुप्पट लागू.

युरोपातल्या पुस्तकांत हीटरवर पाने खर्च झालेली असतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये मुंबई-ठाण्यात किंवा विदर्भात पाणी २६-२७ अंशांवर ठेवायचे तर चिलर लागतो, आणि चिलर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो. तो हवेशीर जागी नसेल तर स्वतःशीच झुंजत राहतो. उघड्या टाकीतून दिवसाला काही लिटर पाणी उडते. क्षार मागेच राहत असल्याने भरपाई गोड्या पाण्यानेच करावी लागते. आरओ यंत्र एका लिटरमागे काही लिटर पाणी बाहेर टाकते. टँकर मोजून घेणाऱ्या सोसायटीत ते फरशी पुसायला, फ्लशला वापरण्याची सोय आधीच हवी. वीज गेली की जिवांना प्रकाशाआधी प्राणवायू कमी पडतो, म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी हलते ठेवणाऱ्या वेव्हमेकरचा. सुरक्षेचाही एक मुद्दा आहे. काही झोअँथिड जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. तशा प्रवाळाचा दगड पाण्यात उकळणे किंवा हातमोजे-चष्म्याशिवाय खरवडणे माणसाच्या जिवावर बेतू शकते. घरात मूल असो वा नसो, हे प्रत्येकाला माहीत हवे.

आणि कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये चुन्याचा सांगाडा बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सी-फॅन आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. मालवणच्या खडकावरून, अंदमानातून किंवा लक्षद्वीपहून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे; किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा याला अपवाद नाही. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉकही यामुळेच संशयास्पद ठरतो. जगातले सर्व कठीण प्रवाळ ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, अशा परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारीही आली आहे. ‘सगळे ठेवतात’ हे दुकानातले उत्तर वनाधिकाऱ्यासमोर चालत नाही. कोरडा किंवा कृत्रिम दगड, कायद्याच्या यादीबाहेरचे मऊ प्रवाळ आणि हॅचरीत वाढलेले मासे एवढ्यावरही देखणा, दमदार टँक उभा राहतो. प्रवाळाच्या दुनियेत आलेल्या माणसाने पहिली पायरी चोरीच्या मालावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय आज मराठीत येण्याला कारण आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर उष्म्याचे घाव बसले. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी जागतिक प्रवाळ-विरंजन घटना जाहीर झाली. महाराष्ट्राला प्रवाळ नाहीत असा समज अजून आहे, पण सिंधुदुर्गात ते आहेत, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर आहेत, आणि मुंबईच्या वरळी-हाजी अलीच्या खडकांवरही होते; सागरी किनारा मार्गाच्या कामात ते हलवावे लागले, तेव्हा अनेक मुंबईकरांना त्यांचा पहिल्यांदा पत्ता लागला. याच काळात टाकीतले ज्ञान समुद्राच्या उपयोगी पडू लागले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात चंद्राचा उजेड, ऋतूंचे तापमान आणि दिवसाची लांबी यांची हुबेहूब नक्कल करून टाकीतल्या प्रवाळांकडून प्रजनन घडवण्यात आले. त्याच धर्तीवर २०१९ मध्ये फ्लोरिडाच्या मत्स्यालयात अटलांटिकमधल्या पिलर कोरलने अंडी सोडली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास साधली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली. घरातला टँक समुद्र वाचवत नाही, तसा दावा कोणी करू नये. पण हॅचरीतला मासा मागणारा गिऱ्हाईक सायनाइड फवारून पकडलेल्या माशाचा बाजार आकसवतो, आणि रोज केएच मोजणाऱ्याला समुद्राचे एका अंशाने तापणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठीत गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांवर लेखन झाले आहे. रीफ टँकवर सलग, आपल्या हवेत आणि आपल्या कायद्यात बसेल असे मार्गदर्शन हवे होते. प्रस्तुत पुस्तकाने ती गरज ओळखून क्रम उलटा लावला आहे. बहुतेक पुस्तके माशांच्या रंगीत चित्रांनी सुरू होतात. इथे मासे बरेच उशिरा येतात. आधी घर, मग पाणी, मग दगड आणि त्यांत जिवाणू रुजण्याचे आठवडे, मग उजेड आणि प्रवाह, आणि त्यानंतर जीव. कोणत्याही एका घराण्याची कंठी न बांधता प्रत्येक पद्धत काय काढते आणि काय भरते, हे लेखनात सतत विचारलेले दिसते. उपकरणांच्या ब्रँडांची शिफारस टाळली आहे, कारण यंत्रे दोन-तीन वर्षांत बदलतात. कॅल्शियम आणि कार्बोनेटचे नाते बदलत नाही. परिभाषेचा बाऊही केलेला नाही. स्किमर, सम्प, फ्रॅग हे शब्द छांदिष्टांच्या तोंडी जसे आहेत तसेच आले आहेत. खर्चाच्या प्रकरणात पहिल्या दिवसाच्या खर्चाइतकाच पुढच्या वर्षांचा खर्च मांडला आहे : सॉल्ट, वीज, टेस्ट किट आणि गावाला जाताना टँककडे कोणी पाहायचे याची व्यवस्था.

हे वाचून काही वाचक टँक उभारतील. काही जण आकडे पाहून ‘आपल्याला हे झेपणार नाही’ असे म्हणतील आणि गोड्या पाण्यात वनस्पती लावतील. दुसऱ्या गटासाठीही पुस्तक तितकेच यशस्वी झाले असे मी मानतो, कारण उत्साहाच्या भरात उभारलेला आणि वर्षभरात विकायला काढलेला टँक सर्वांत महाग पडतो, विशेषतः त्यातल्या जिवांना. पहिल्या गटाला एवढेच सांगणे : पुस्तक संपल्यावर दुकानात जाऊ नका. आधी इमारतीचे नकाशे काढा, इंजिनिअरला बोलवा, सोसायटीला विचारा, विजेचा भार तपासा आणि आरओचे पाणी कुठे जाणार ते ठरवा. टाकीत पाणी भरल्यावर पहिले कित्येक आठवडे तिच्यात एकही मासा नसेल. त्या आठवड्यांतही रोज पाणी मोजून वहीत आकडा लिहिण्याची गोडी लागली, तर पुढचा टँक तुम्हाला झेपेल.